उन्हाळ्यात दोन तास फार होतात
यीस्टच्या ब्रेडच्या एका कृतीत ‘कोमट पाण्यात पीठ भिजवा आणि दोन तास झाकून ठेवा’ असं सांगितलंय. थंडीत ते बरोबरच आहे, पण आमच्या भुसावळला मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो, तेव्हा हे प्रमाण चालत नाही. माझे पहिले दोन ब्रेड असेच गेले: पीठ भरभर फुगलं, मग बसलं, आणि भाजल्यावर आंबूस वास. चूक यीस्टची नव्हती, घड्याळ बघत बसण्याची होती. शिवाय गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी इतकं तापतं की त्यात यीस्ट मरूही शकतं.

आता मी माठातलं पाणी घेते आणि अर्धा किलो मैद्याला ७ ग्रॅमऐवजी ३ ग्रॅमच कोरडं यीस्ट घालते. मीठ मात्र कमी करत नाही, १० ग्रॅम घालतेच, त्याने फुगणं आवरतं. रात्री पीठ मळून थोडं फुगलं की फ्रीजमध्ये, सकाळी ऊन चढायच्या आत भाजायचं. तयार झालं का ते बोटाने दाबून बघा: खळगा हळूहळू भरून आला तर भट्टीत घाला, तसाच राहिला तर उशीर झालाय. बिबड्यांची (म्हणजे खानदेशी ज्वारीच्या पापडांची) ज्वारी आंबवणाऱ्या आपल्याकडच्या बायकांना हा अंदाज आधीपासून असतो, तोच इथे वापरा.