मदत हवी आहे: सासूबाईंचा मोगरा कुंडीत दाटलाय, आत्ता कुंडी बदलू की पावसाची वाट पाहू?

नमस्कार मंडळी. आम्ही सांगलीत, विश्रामबागला राहतो. गच्चीवर बटमोगऱ्याचं जुनं झाड आहे, सिमेंटच्या मोठ्या कुंडीत. सासूबाईंनी गावाकडून आणलेल्या फांदीपासून वाढवलेलं. उन्हाळ्यात रोज संध्याकाळी दिवेलागणीच्या आत टपोऱ्या कळ्या खुडायच्या आणि गजरा करायचा, हा त्यांचा नेम. त्यामुळे झाडाला धक्का लागेल असं काही करायला जीव होत नाही. म्हणून आधी तुम्हाला विचारते.

गेल्या वर्षापासून फुलं कमी झाली आणि कळ्याही बारीक राहिल्या. कुंडीच्या भोकातून मुळं बाहेर येऊन फरशीला चिकटली आहेत. काल पाणी घालताना मुद्दाम बघत बसले. पाणी क्षणभर वर थांबतं, मग कडेच्या फटीतून सरसर खाली उतरतं आणि लगेच भोकातून बाहेर. मध्ये बोट घालून पाहिलं तर माती ठणठणीत कोरडी. आपली नदीकाठची काळी माती भरलेली आहे, ती सुकून कडेपासून सुटली आहे. कुंडीच्या काठावर पांढरा थर बसतो, पाणी बोअरचं आहे. आणखी एक: शेंड्याची कोवळी पानं पिवळी पडतात, पण त्यांच्या शिरा हिरव्याच राहतात. खालची जुनी पानं मात्र ठीक आहेत.

होळी झाली, शेंड्यांना कळ्या दिसू लागल्या आहेत. सासूबाई म्हणतात, कळ्या धरलेल्या झाडाला हात लावायचा नाही. मला त्यांचं पटतं, पण एप्रिल-मेच्या उन्हात मुळं-मातीचा हा कोरडा गोळा घेऊन झाड तग धरेल का, याची काळजी वाटते. शिवाय कुंडीचं पोट मोठं आणि तोंड लहान, म्हणजे गोळा सरळ निघणारच नाही. दीर म्हणतात साखर कारखान्याची मळी (उसाचा रस गाळल्यावर उरणारा गाळ) भरपूर मिळते, तीच भरू. शेजारच्या काकू म्हणतात नुसतं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, घाल. काय करू? ज्यांनी मोठा मोगरा स्वतः बदललाय त्यांनी कृपया सविस्तर सांगा.

प्रतिसाद (सातारा)

ताई, सासूबाईंचं बरोबर आहे. मोगरा नव्या फुटीच्या शेंड्याला फुलतो. आत्ता मुळं कापलीत तर झाड आधी कळ्या गाळेल, आणि वर ऊन वाढत जाणार. पुरती कुंडी बदलायला दोनच वेळा चांगल्या. एक, थंडी ओसरताना, जानेवारीअखेर ते फेब्रुवारीत, छाटणीबरोबर. दुसरी, मृगाचे एक-दोन चांगले पाऊस झाल्यावर, हवेत ओल आली की. तुमच्याकडे आता दुसरी वेळ धरा.

तोवर झाड मात्र असंच ठेवू नका. बांबूची काडी किंवा जुनी सळई घेऊन मातीत खोलवर पाच-सहा भोकं पाडा, खोडापासून जरा लांब. वरची दोन इंच माती हलक्या हाताने काढून तिथे चाळलेलं शेणखत किंवा गांडूळखत भरा, कडेच्या फटी त्यानेच बुजवा. पाणी एकदम ओतू नका. तांब्याभर घाला, मुरू द्या, परत घाला. वर पालापाचोळा पसरा. दुपारी तीननंतर सावली मिळाली तर उत्तम, पण सकाळचं चार-पाच तास ऊन हवंच, त्याशिवाय मोगरा फुलत नाही.

प्रतिसाद (मिरज)

पानांबद्दल लिहितो. नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, ही लोहाची कमतरता. आपल्या काळ्या मातीत चुनखडी असते, बोअरचं पाणी जड, त्यात सिमेंटची कुंडी. लोह मातीत असूनही मुळांना घेता येत नाही. नुसतं पाणी जास्त होऊन पानं पिवळी पडली असती तर आधी खालची जुनी पडली असती. लिटरभर पाण्यात दोन-तीन ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट), त्यात थोडा लिंबाचा रस, आणि ऊन उतरल्यावर पानांवर फवारा. आठ-दहा दिवसांनी परत. फुललेल्या कळ्यांवर उडू देऊ नका, डाग पडतात. मातीत हिराकस टाकून फारसा उपयोग नाही, चुनखडीत ते अडकून पडतं.

मळीबाबत दिरांना सांगा, ताजी मळी कुंडीत नको. ती कुजताना तापते आणि मुळं भाजतात. ढीग करून, ओलावा देऊन पुरती कुजलेली, थंड झालेली, मातकट वासाची असेल तर खत म्हणून थोडी चालेल. नुसतं कोकोपीटही नको. एवढ्या मोठ्या झाडाला ते धरून ठेवत नाही आणि त्यात अन्नही नसतं.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. आजच भोकं पाडली, पाणी पहिल्यांदाच मध्ये मुरलं. मृगापर्यंत थांबायचं ठरवलंय. सासूबाईंनाही वाचून दाखवलं, त्यांना फार बरं वाटलं. आता कुंडीचं सांगा. तोंड लहान असल्याने फोडावीच लागेल का? आणि नवी किती मोठी घ्यावी?

प्रतिसाद (सातारा)

फोडा ताई, जीव झाडाचा महत्त्वाचा. आदल्या दिवशी भरपूर पाणी द्या, म्हणजे गोळा सुटा होणार नाही. कुंडी आडवी करून हातोडीने पोटावर फिरवत हलके ठोके द्या. फरशीला चिकटलेली मुळं ओढू नका, धारदार कात्रीने कापा. गोळ्याच्या तळाचा चौथा हिस्सा आणि कडेने गोल फिरलेली मुळं कापून टाका, मधली जाड मुळं राहू द्या. मुळं जितकी काढाल त्या मानाने वरच्या फांद्याही छाटा. बटमोगऱ्याच्या मुळाशी कधीकधी लाल चिकट मातीचा जुना गोळा सापडतो, रोपवाटिकेतून आलेल्या रोपांत तर हमखास. तुमचं फांदीपासून केलेलं आहे म्हणून बहुधा नसेल, पण दिसला तर बादलीत भिजवून बोटांनी मोकळा करा.

नवी कुंडी जुनीपेक्षा दोन-तीन इंचांनीच मोठी, सरळ भिंतीची किंवा वर रुंद. फारच मोठी घेतली तर मुळं पोचत नाहीत तिथली माती ओलीच राहते. दोन वाटे लाल माती, एक वाटा कुजलेलं शेणखत, एक वाटा कोकोपीट किंवा विटांचा बारीक चुरा, वर दोन मुठी निंबोळी पेंड. महाबळेश्वर-मेढ्याच्या बाजूची लाल माती मिळाली तर लोहाचा प्रश्नही पुष्कळ सुटेल. नाहीच मिळाली तर काळी माती निम्म्याहून कमी ठेवा आणि विटांचा चुरा वाढवा. खोड पूर्वी जेवढं मातीत होतं तेवढंच राहू द्या. पहिले आठ-दहा दिवस सावलीत. रासायनिक खत महिनाभर नको. आणि पावसाचं पाणी पिंपात धरून ठेवता आलं तर मोगऱ्यासाठी तेच वापरा.

गोळा बाहेर निघाला की मुळांचा फोटो इथे टाका. पांढरट, टणक असली तर काळजी नाही. काळी, बुळबुळीत, वास मारणारी दिसली तर लावायच्या आधी विचारा, मग कापणी आणखी वर घ्यावी लागेल.