मदत हवी आहे: कंडोम आणि डायाफ्राम (आत गर्भाशयाच्या मुखावर बसवायची मऊ वाटी) एकत्र वापरले तर भरवसा किती वाढतो?

नमस्कार. प्रश्न खासगी आहे, पण विचारण्यासारखं जवळ कोणी नाही म्हणून इथे लिहितेय.

मला अर्धशिशी आहे. डोकं दुखायच्या आधी डोळ्यांपुढे नागमोडी रेषा चमकतात. अशा अर्धशिशीत इस्ट्रोजेनच्या गोळ्यांनी पक्षाघाताचा धोका वाढतो, म्हणून डॉक्टरांनी त्या बंद केल्या. तांबी बसवली, तर पाळीत इतकं रक्त जायचं की काढावी लागली. दोन मुलं आहेत, तिसरं नको, आणि शस्त्रक्रियेला आम्ही दोघंही अजून तयार नाही. वर्षभर फक्त कंडोमवर आहोत. मागच्या महिन्यात तो फाटला. पाळी येईपर्यंतचे दिवस कसे काढले ते माझं मला माहीत.

वाचलंय ते असं: कंडोम दर वेळी अगदी नीट वापरला तर वर्षभरात शंभरातल्या 2 जणींना दिवस जातात, पण प्रत्यक्षात लोक वापरतात तसा वापरला तर 13. शुक्राणुनाशक जेलसह डायाफ्रामचा आकडा 17 च्या आसपास. मग दोन्ही एकदम वापरले तर 13 टक्क्यांचे 17 टक्के, म्हणजे शंभरात दोन-सव्वादोन, असा हिशेब बरोबर आहे का? आणि पुरुषाचा व बायकांचा कंडोम एकाच वेळी चालतो का?

प्रतिसाद

ताई, दोन कंडोम एकत्र मुळीच नको, एकमेकांवर घासून ते सरकतात, फाटतात. डायाफ्राम आत गर्भाशयाच्या मुखावर बसतो, तो कंडोमबरोबर चालतो आणि संरक्षण वाढतं. पण गुणाकार इतका सरळ नाही. त्या 13 मध्ये "आज राहू दे" म्हटलेले दिवसही मोजलेले असतात, आणि ज्या दिवशी कंडोम राहतो त्या दिवशी डायाफ्रामही बहुधा डबीतच राहतो. डायाफ्राम संबंधानंतर निदान 6 तास काढू नका.

फाटला तेव्हा तेल किंवा व्हॅसलिन लावलं होतं का? त्याने लेटेक्स कमकुवत होतं. पुन्हा तसं झालं तर पाळीची वाट बघत बसू नका. लेव्होनॉर्जेस्ट्रेलची आपत्कालीन गोळी लवकरात लवकर, 72 तासांच्या आत घ्या. तिच्यात इस्ट्रोजेन नसतं.

धागाकर्ती

तेलच लावलं होतं! इतक्या वर्षांत हे कोणीच सांगितलं नव्हतं. डायाफ्रामचं माप कोण घेतं, स्त्रीरोगतज्ज्ञच ना?