जपानी टाईप करायला वेगळा कीबोर्ड लागतो का?

हळद_सांगली
नमस्कार. सांगलीत मार्केट यार्डाजवळ आमचा हळद पावडरीचा छोटा व्यवसाय आहे. ओसाकाच्या एका गिऱ्हाइकाला जपानीतून ईमेल लिहायची फार इच्छा आहे. क्लास चालू आहे, हिरागाना-काताकाना (जपानीच्या दोन उच्चारलिप्या) हाताने लिहिता येतं. विंडोज ११ आहे, कीबोर्ड साधा इंग्रजी. पण 'कोन्निचिवा' (नमस्कार) काही केल्या नीट उमटत नाही. जपानी कीबोर्ड मागवू का?

जपानी_शिकवतो_सातारा
ताई, कीबोर्डवर पैसे घालू नका. जपानमध्येही बहुतेक लोक रोमन अक्षरांनीच टाईप करतात. सेटिंग्जमध्ये जपानी भाषा जोडा. विंडोज आणि स्पेस एकत्र दाबून तिच्यावर या. तरी इंग्रजीच उमटलं, तर ऑल्ट धरून '१' आकड्याच्या डावीकडची कळ दाबा.

आता कोन्निचिवा. कानाला 'वा' ऐकू येतो, पण लिहिताना तिथे 'हा' असतो, म्हणून एच-ए. दोन एन दाबले की सुटा 'न्' पुरा होतो, पुढच्या 'नि'साठी तिसरा एन हवा. तोक्यो (टोकियो) म्हणजे टी-ओ-यू-के-वाय-ओ-यू. हिरागानात जसं लिहाल तसंच टाईप करायचं. तुमचा हात त्यात बसलाय, त्यामुळे हे जमणारच.

खरी मेख कांजीत, म्हणजे चिनीतून आलेल्या अर्थदर्शक अक्षरांत आहे. स्पेस दाबली की कांजी, पुन्हा दाबली की पर्याय, एंटरने पक्कं. विद्यार्थ्यांना मी कळकळीने सांगतो, एकेका शब्दाला स्पेस दाबू नका. नुसतं 'हाशी' लिहिलं तर पूल, जेवायच्या काड्या, कड, काहीही येईल. 'हाशी ओ वातारु' सलग लिहा (मधला 'ओ' डब्ल्यू-ओ), मग स्पेस दाबा. 'वातारु' म्हणजे ओलांडणे, ते पुढे असल्यामुळे पुलाचीच कांजी येते. परदेशी नावं काताकानात लिहितात, त्यासाठी एफ-७.

कराडचा_डिझायनर
पाकिटावर जपानी छापणार असाल तर फॉन्ट बघा. काही कांजींचा कॉम्प्युटरमधला कोड चिनी-जपानीत एकच, आकार मात्र वेगळा. चिनी फॉन्ट लागला तर जपानी माणसाला लगेच खटकतं. मेइर्यो किंवा यू गोथिक असा जपानी फॉन्ट लावा.

हळद_सांगली
तीन एन दाबले आणि उमटलं! एफ-७ माझ्या लॅपटॉपवर एफएनसोबत दाबावं लागतं. 'सांगली' काताकानात 'सांगुरी' असं लिहिलंय, बरोबर ना सर?

जपानी_शिकवतो_सातारा
बरोबर, जपानीत 'ल' नाही. आणि गिऱ्हाइकाचं नाव मात्र टाईप करू नका, त्यांच्याच ईमेलमधून कॉपी करा. एकाच उच्चाराचं नाव वेगवेगळ्या कांजींत लिहितात.