सांगली–मिरज जुना लोहमार्ग: पायवाट व सायकलमार्ग करावा का?

विश्रामबागकर (धागा आरंभ)

सांगली संस्थानाची सांगली–मिरज मीटरगेज 1907 मध्ये सुरू झाली; लांबी जेमतेम आठ किलोमीटर. 1970 च्या दशकारंभी पुणे–मिरज मार्ग ब्रॉडगेज झाला, सांगलीचे स्थानक गावाबाहेर गेले आणि गावात उरले ते ‘स्टेशन चौक’ हे नाव. या जुन्या पट्ट्याचे जे तुकडे मोकळे असतील, ते जोडून पादचारी व सायकलस्वारांसाठी मार्ग करावा, असे माझे मत आहे. आगगाडीला तीव्र चढ चालत नाही, त्यामुळे तिची वाट सायकलीला आयतीच सोयीची ठरते. इंग्लंडमध्ये ब्रिस्टल ते बाथ हा सुमारे 21 किलोमीटरचा मार्ग 1979 ते 1986 या काळात जुन्या लोहमार्गावरच टप्प्याटप्प्याने झाला. आपण निदान शहराच्या विकास आराखड्यात या मार्गासाठी जमिनीवर आरक्षण टाकून ठेवावे.

मिरजेचा एक रहिवासी

ब्रिस्टलचा दाखला येथे लागू होत नाही. तेथे लोहमार्ग बंद झाल्यावर फार काळ न जाता काम सुरू झाले. येथे अर्धे शतक उलटले आहे. कोणता तुकडा रेल्वेचा, कोणता महापालिकेचा आणि कोणत्या तुकड्यावर लोकांची घरे आहेत, हे हद्दकायम मोजणी (जमिनीच्या हद्दी ठरवणारी सरकारी मोजणी) झाल्याशिवाय कळणार नाही. आरक्षणाचेही तसेच. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 127 नुसार दहा वर्षांत जमीन संपादित झाली नाही, तर मालकाला नोटीस देऊन आरक्षण व्यपगत, म्हणजे रद्द, करून घेता येते. म्हणजे तोवर मालकाची कोंडी, आणि शेवटी मार्गही नाही.

कुपवाडहून

मी औद्योगिक वसाहतीत कामाला आहे आणि सायकलनेच जातो. स्टेशन चौकातून मिरजेपर्यंतची देखणी वाट मला उपयोगाची नाही, कारण माझी वाट तिला आडवी जाते. पहाटे फिरणाऱ्यांसाठी बाके आणि दिवे लावाल, पण पाळी सुटल्यावर हमरस्ता ओलांडताना ट्रकपुढे थांबावे लागते, त्याचे काय? आठ किलोमीटरचा खर्च चार चौकांत सिग्नल, सायकलीची वेगळी पट्टी आणि उंचवट्याचे क्रॉसिंग करण्यासाठी लावला, तर जास्त लोकांना फायदा होईल.

गावभागातून

मला वेगळीच भीती वाटते. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी 45 फूट आहे आणि 2019 मध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेले होते. लोहमार्गाच्या भरावाखाली पाणी जाण्यासाठी मोऱ्या ठेवलेल्या असतात. त्या बुजवून वर सुशोभीकरण केले, किंवा सखल तुकडा सपाट दिसावा म्हणून भर घातली, तर ती वाट बंधाऱ्यासारखी पाणी अडवील आणि आमच्याकडचे पाणी उतरायला दोन दिवस जास्त लागतील. आराखड्यात झाडांची नावे लिहिण्याआधी प्रत्येक मोरीची पातळी लिहावी. (झाडांची नावे मात्र दरवेळी आधी लिहिली जातात.)

विश्रामबागकर

मोऱ्यांचा मुद्दा मी आधी लक्षात घ्यायला हवा होता, तो मान्य. कुपवाडच्या बांधवांचेही बरोबर आहे: क्रॉसिंग नसलेला सायकलमार्ग म्हणजे फक्त बाग. पण कलम 127 चा आक्षेप मला पटत नाही, कारण तो खासगी जमिनीचा आहे. सरकारी मालकीचा तुकडा आराखड्यात नोंदवायला संपादन कशाला? उलट, नोंद नसल्यामुळेच असे तुकडे वाहनतळाला आणि दुकानगाळ्यांना जातात. अमेरिकेत 1983 पासून कायद्याने अशी सोय आहे की, बंद मार्गाची पट्टी पायवाट म्हणून वापरायची, मात्र पुढे कधी रेल्वेला ती हवी झाली तर अखंड परत मिळावी.

मिरजेचा एक रहिवासी

सरकारी तुकडेच असतील, तर माझा विरोध नाही. पण मग ‘सांगली–मिरज मार्ग’ असे नाव देऊ नका. दोन तुकडे निघाले तर दोनच म्हणा, आणि मोजणीचा नकाशा प्रभाग कार्यालयात लावल्यावरच निविदा काढा.