एसएसडी बसवल्यापासून डेस्कटॉपची जुनी हार्डडिस्क दिसतच नाहीये, डेटा वाचेल का?

डीटीपी_इचलकरंजी:
नमस्कार मंडळी, जरा अर्जंट आहे. माझं डीटीपीचं दुकान आहे, लग्नपत्रिका, बिलबुकं, व्हिजिटिंग कार्ड असली कामं. पीसी ८व्या पिढीचा आय३, ८ जीबी रॅम, विंडोज १०. त्यात १ टीबीची साटा हार्डडिस्क, सी मधे विंडोज आणि डी मधे सगळी कामं, कोरलच्या फायली, अगदी पेजमेकरच्या जमान्यातल्या पण. पीसी लय स्लो झाला म्हणून एका टेक्निशियनकडनं ५१२ जीबीची एम डॉट टू एसएसडी (बोर्डावरच्या स्लॉटमधे बसणारी वेगवान डिस्क) टाकून घेतली. त्यानं डिस्क काढून त्याच्या दुकानात नेली, जुनं सी आहे तसं एसएसडीवर क्लोन केलं आणि परत आणून जोडलं, जुना एसएमपीएस (पॉवर सप्लाय) घरघर करत होता तो पण बदलला. आता विंडोज झटक्यात चालू होतंय, पण धिस पीसी मधे फक्त सी दिसतंय, डी गायब. तो म्हणतोय हार्डडिस्क गेली, नवीन घ्या. आदल्या दिवशी चालणारी डिस्क अशी एकदम कशी जाईल काय कळंना झालंय. लग्नसराई तोंडावर आहे आणि मागच्या सगळ्या पत्रिकांचे मॅटर त्यात आहेत. बॅकअप काही पेनड्राइव्हवर आहे पण अर्धवट. कुणीतरी सांगा काय करू.

स्क्रूड्रायव्हर:
दादा आधी शांत व्हा आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, विंडोजनं "इनिशियलाइज डिस्क" किंवा "फॉरमॅट करायचं का" असं काहीही विचारलं तर कॅन्सल. हो म्हणायचं नाही, कितीही गोड विचारलं तरी.

"दिसत नाही" म्हणजे कुठं दिसत नाही हे आधी ठरवायचं. धिस पीसी मधे नसणं आणि बायोसमधे (विंडोजच्या आधी चालणारा बोर्डाचा स्वतःचा प्रोग्राम) नसणं यात जमीन अस्मानाचा फरक आहे. बायोसमधे डिस्कचं नाव येत असेल तर बोर्डाला ती भेटलीये, मग घोळ विंडोजच्या बाजूला, ड्राइव्ह लेटर नाही, डिस्क ऑफलाइन आहे, पार्टिशन बिघडलंय असं काहीतरी. बायोसमधेच नसेल तर विंडोजमधे कितीही सॉफ्टवेअर टाका, उपयोग शून्य, तिथं केबल, पोर्ट, पॉवर नाहीतर खुद्द डिस्क. तर हे बघून सांगा:
पीसी चालू करताना डिस्कला हात लावून बघा, थरथर जाणवते का, फिरायला लागल्याचा आवाज येतो का. टिकटिक येते का. मग डिलीट किंवा एफ२ दाबून बायोसमधे जा आणि साटाच्या यादीत काय काय आहे ते बघा.

आणि एक, तुमचा टेक्निशियन म्हणतो डिस्क गेली, पण त्यानंच तर त्यातनं सी क्लोन केलं ना? म्हणजे त्याच्या टेबलावर डिस्क व्यवस्थित वाचली जात होती. दुकानातनं तुमच्या घरी येईपर्यंत ती वारली असं म्हणायचं असेल तर पुरावा पाहिजे.

जुगाडू_जयसिंगपूर:
डिस्क प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून रात्रभर फ्रीजरमधे ठेवा, सकाळी काढून लगेच लावा. १००% चालते, लय जणांचं काम झालंय.

स्क्रूड्रायव्हर:
@जुगाडू_जयसिंगपूर भाऊ कृपा करून नको. फ्रीजरमधनं काढलेल्या डिस्कवर आपल्याकडच्या हवेत लगेच दव धरतं, बोर्डावर पण आणि काही वेळा आत पण. डिस्कचं हेड प्लेटच्या वर काही नॅनोमीटर अंतरावरनं फिरतं, तिथं पाण्याचा थेंब म्हणजे संपलंच. आणि यांची डिस्क बिघडलीये हेच अजून ठरलेलं नाही. आइस्क्रीम ठेवा फ्रीजरमधे.

जुगाडू_जयसिंगपूर:
बरं बरं, जसं तुम्हाला वाटेल तसं. मी ऐकलेलं सांगितलं.

डीटीपी_इचलकरंजी:
बघितलं. डिस्क फिरतीये, हात लावला की बारीक थरथर कळतीये, टिकटिक अजिबात नाही, पूर्वी यायचा तसाच आवाज. पण बायोसमधे फक्त एसएसडी आणि डीव्हीडी रायटर, हार्डडिस्कचं नाव नाही. डीव्हीडी रायटरची साटा केबल काढून हार्डडिस्कच्या बाजूला लावून बघितली, पोर्ट तोच ठेवला, तरी नाही. पॉवरचं दुसरं कनेक्टर पण लावून बघितलं.

मयुरी_हार्डवेअर:
मला वाटतं पोर्टचाच प्रॉब्लेम आहे, डिस्कचा नाही. हार्डडिस्क बोर्डावर नेमकी कुठल्या साटा पोर्टला लावलीये? पोर्टच्या शेजारी बारीक अक्षरात साटा १, २, ३ असं छापलेलं असतं.

कारण असं की तुमच्या काळातल्या बऱ्याच स्वस्त बोर्डांमधे एम डॉट टू स्लॉट आणि एखादा साटा पोर्ट यांची लाइन एकच असते. एसएसडी साटा प्रकारची (म्हणजे हार्डडिस्कसारखीच लाइन वापरणारी) असेल आणि ती स्लॉटमधे बसवली की तो पोर्ट आपोआप बंद पडतो. बिघाड नाही, बोर्ड बनवलाच तसा आहे, मॅन्युअलमधे एका कोपऱ्यात लिहिलेलं असतं पण मॅन्युअल उघडतंय कोण. काही बोर्डांमधे तर एनव्हीएमई (एसएसडीचा दुसरा, जास्त वेगवान प्रकार) लावली तरी एक दोन पोर्ट जातात, ते बोर्डानुसार बदलतं म्हणून मॉडेल नंबर टाकून कंपनीच्या साइटवरनं मॅन्युअल उतरवून घ्या आणि त्यात एम डॉट टू शोधा.

एसएसडीच्या सोनेरी दातांकडं पण बघा. दोन खाचा असतील तर बहुतेक साटावाली, एकच खाच असेल तर एनव्हीएमई. बहुतेक म्हणतीये कारण दोन खाचांच्या काही एनव्हीएमई पण निघाल्या होत्या. नक्की काय ते बायोसमधल्या नावावरनं कळेल.

आता करायचं एवढंच, पीसी बंद, भिंतीवरचं बटण बंद, हार्डडिस्कची केबल दुसऱ्या पोर्टला, पुन्हा चालू. चालू पीसीत केबल काढघाल करू नका.

टर्मिनल_तात्या:
मयुरीताईंशी सहमत. त्यात एक भर घालतो, एसएमपीएस पण बदललाय म्हणून. तो मॉड्युलर असेल, म्हणजे त्याच्या केबली सुट्या लावायच्या असतील, तर जुन्या एसएमपीएसच्या केबली नव्याला कधीच लावायच्या नाहीत. डिस्ककडचं टोक सगळ्यांचं सारखं असतं, पण एसएमपीएसकडच्या टोकाला कुठल्या पिनवर १२ व्होल्ट आणि कुठल्यावर ५ हे प्रत्येक कंपनीचं, कधी कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलचं पण वेगळं. ५ च्या जागी १२ गेले की डिस्कचं सर्किट जळतं. तुमची फिरतीये म्हणजे तसं झालेलं नाही, पण पुढं वाचणाऱ्यांसाठी लिहिलं.

आणि बायोसला दिसत नाही म्हणजे डेटा गेला असं पण नसतं. जुन्या लोकांना आठवत असेल, २००९ च्या सुमारास सीगेटच्या बॅराकुडा ७२००.११ मधे फर्मवेअरचा (डिस्कच्या आतल्या प्रोग्रामचा) घोळ निघाला होता. डिस्क फिरायची पण बायोसला ओळख द्यायची नाही, आतला डेटा मात्र शाबूत. कंपनीनं नंतर नवीन फर्मवेअर काढलं.

डीटीपी_इचलकरंजी:
ताई तुमचे उपकार कसे फेडू. साटा १ ला होती, आता ३ ला लावली आणि बायोसमधे नाव आलं!! एसएसडीला दोन खाचाच आहेत.
पण आता नवीनच. पहिल्यांदा चालू केलं तर विंडोज एकदम पूर्वीसारखं रखडत आलं, डेस्कटॉपवर आयकॉन पण जुनेच. रिस्टार्ट करून बायोसमधे बूटला एसएसडी वर घेतली तर झटक्यात आलं, पण परत डी नाही. डिस्क मॅनेजमेंट उघडलं तर डिस्क १ दिसतीये, खाली लाल खूण आणि ऑफलाइन लिहिलंय. काही दाबलेलं नाही, तुमची वाट बघतोय.

मयुरी_हार्डवेअर:
मस्त, न दाबता थांबलात ते बरं केलंत. पहिल्यांदा रखडलं कारण पीसी जुन्या डिस्कवरच्याच विंडोजवरनं चालू झाला, ते अजून तिथं आहे. बूटमधे एसएसडी वर ठेवलीत ते बरोबर, तसंच राहू द्या.

ऑफलाइन लिहिलंय त्यावर माउस नेऊन थांबा, सिग्नेचर कोलिजन असं काही येतंय का? एमबीआर (पार्टिशनची यादी ठेवायची जुनी पद्धत) प्रकारच्या प्रत्येक डिस्कला विंडोज ४ बाइटची एक सही देतं आणि त्यावरनं डिस्क ओळखतं. क्लोन करताना ती सही पण नव्या एसएसडीवर उतरली. आजपर्यंत जुनी डिस्क बंद पोर्टला होती म्हणून भांडण नव्हतं, आता एकाच सहीच्या दोन डिस्का समोर आल्यावर विंडोजनं एकीला बाहेर बसवलं.

असंच असेल तर डाव्या बाजूला जिथं डिस्क १ लिहिलंय तिथं राइट क्लिक करून ऑनलाइन म्हणा. विंडोज जुन्या डिस्कवर नवीन सही लिहील, फायलींना हात लागत नाही. एकच गोष्ट होते, सही बदलल्यामुळं त्या डिस्कवरचं जुनं विंडोज नंतर चालू होणार नाही. तुम्हाला ते नकोच आहे. फक्त आत्ता चालू असलेलं विंडोज एसएसडीचंच आहे ना ही खात्री करून मगच दाबा, नाहीतर उलटं व्हायचं.

ड्राइव्हला ई किंवा एफ अक्षर मिळालं तर तिथंच राइट क्लिक करून चेंज ड्राइव्ह लेटर मधे डी करून टाका, म्हणजे कोरलमधल्या लिंक आणि शॉर्टकट सगळे जागेवर चालतील. आधी डी कुणी घेतलंय का बघा, बऱ्याचदा डीव्हीडी रायटर जाऊन बसलेला असतो.

संत्रा_नागपूर:
नमस्कार, मधेच घुसतो, माफ करा. माझी पण डिस्क बायोसमधे दिसून नाही राहिली, पण माझी टिक टिक टिक करून राहिली आणि मग बंद होते. पोर्ट केबल सगळं बदलून पाहिलं. यूट्यूबवर एक जण सेम मॉडेलच्या डिस्कचा खालचा बोर्ड काढून लावतो अन् चालू होते, तसं करू का? तशीच एक जुनी डिस्क पडली आहे घरी.

स्क्रूड्रायव्हर:
@संत्रा_नागपूर तुमची केस वेगळी आहे राजे. टिकटिक करून बंद होणं म्हणजे बहुतेक हेड जागा शोधतंय आणि त्याला सापडत नाहीये. एक वेळ पॉवर कमी पडत असली तरी असा आवाज येतो, म्हणून चांगल्या एसएमपीएसवर फक्त एकदाच बघा. तरी तेच असेल तर बंद करून ठेवा, पुन्हा पुन्हा चालू करून बघू नका. हेड तुटलेलं असेल तर प्रत्येक वेळी ते प्लेटवर ओरखडा काढतं आणि ओरखडलेला भाग कुणीच परत आणू शकत नाही. डेटा महत्त्वाचा असेल तर क्लीनरूम (धूळ नसलेली खोली) असलेल्या रिकव्हरीवाल्याकडं, खर्च होतो. महत्त्वाचा नसेल तर सोडून द्या.

बोर्ड बदलणं पूर्वी चालायचं. आताच्या डिस्कमधे प्रत्येक डिस्कची स्वतःची जुळणी बोर्डावरच्या एका ८ पायाच्या चिपमधे असते, ती चिप पण उचलून नव्या बोर्डावर सोल्डर करावी लागते, नुसता बोर्ड बदलला तर त्याच मॉडेलचा असून पण टिकटिकच. आणि बोर्ड गेलेला असेल तर डिस्क सहसा फिरतच नाही, गपगार पडते. १२ व्होल्टवरचा किंवा ५ वरचा संरक्षणाचा डायोड शॉर्ट झालेला असतो, मल्टिमीटर लावला की कळतं. मुंबईला लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात असताना अशा डिस्का पुष्कळ यायच्या, बहुतेक वेळा कुणीतरी चुकीचा अडॅप्टर लावलेला.

संत्रा_नागपूर:
समजलं. बंद केली. लग्नाचे फोटो आहेत त्यात, बायकोला सांगाव लागेल आता बाप्पा.

टर्मिनल_तात्या:
@डीटीपी_इचलकरंजी ऑनलाइन झाली का? झाली तर कॉपी सुरू करायच्या आधी क्रिस्टलडिस्कइन्फो फुकट मिळतं ते चालवा आणि ०५, सी५, सी६, सी७ या ओळी बघून इथं टाका. ०५ म्हणजे खराब निघाले म्हणून डिस्कनं बदलून टाकलेले सेक्टर (डिस्कवरचे छोटे कप्पे). सी७ वाढलेलं असेल तर केबलीचा दोष, एकदा वाढलेला आकडा कमी होत नाही, फक्त पुढं वाढतोय का तेवढं बघायचं. सी५ शून्य नसेल तर डिस्कला काही सेक्टर वाचता येत नाहीयेत, मग चेकडिस्क (विंडोजचा डिस्क तपासून दुरुस्त करायचा प्रोग्राम) वगैरे चालवायचं नाही, आधी कामाच्या फायली बाहेर.

डीटीपी_इचलकरंजी:
ऑनलाइन झाली, सिग्नेचर कोलिजनच लिहिलं होतं. सगळे फोल्डर दिसतायत!! डी अक्षर डीव्हीडी रायटरनंच घेतलं होतं, ते बदलून दिलं. क्रिस्टलमधे वर पिवळं आणि कॉशन. ०५ ला शून्य, सी५ ला शेवटी १०, सी६ शून्य, सी७ ला २. १० सेक्टर म्हणजे फार आहेत का?

टर्मिनल_तात्या:
क्रिस्टल ते आकडे मुळात हेक्समधे (१० ऐवजी १६ वर मोजायची पद्धत) दाखवतं, म्हणजे तुमचे १० हे आपले १६. लगेच मरेल असं नाही, पण या डिस्कवर आता भरवसा पण ठेवायचा नाही. सी७ चे २ विसरा.

सगळी डिस्क एकदम ओढून टाकू नका. चालू लग्नांची कामं आधी, मग याच वर्षातली, मग बाकी. कॉपी एखाद्या फाइलवर अडकली तर ती स्किप करा आणि पुढं चला, तिथंच रिट्राय रिट्राय करत बसू नका. शेवटी ज्या फायली राहतील आणि त्या पाहिजेच असतील तर लिनक्सची लाइव्ह पेनड्राइव्ह करून डीडीरेस्क्यू चालवू. ते आधी चांगला भाग काढून घेतं आणि खराब भागाकडं नंतर परत येतं, शिवाय कुठपर्यंत झालं ते फाइलमधे लिहून ठेवतं म्हणून मधेच लाइट गेली तरी तिथनंच पुढं सुरू करता येतं. तेवढीच जागा असलेली दुसरी डिस्क मात्र लागेल.

डीटीपी_इचलकरंजी:
चालू लग्नांची सगळी आली, एक पण फाइल अडकली नाही. बाकीचं रात्री लावतो, नवीन २ टीबीची एक्स्टर्नल मागवलीये. टेक्निशियनला हा धागा पाठवला, बघितलाय पण उत्तर नाही.
अजून एक विचारतो, कॉपी झाल्यावर जुन्या डिस्कवरचं सी उडवून ती जागा डी ला जोडता येईल का? फालतू कामासाठी वापरीन म्हणतो.

मयुरी_हार्डवेअर:
डिस्क मॅनेजमेंटमधनं नाही होणार. ते पार्टिशन फक्त उजवीकडच्या मोकळ्या जागेत वाढवतं आणि तुमचं सी डी च्या डावीकडं आहे. थर्ड पार्टी सॉफ्टवेअर करतात पण त्यासाठी सगळा डेटा डिस्कवरच्या डिस्कवर सरकवावा लागतो, १६ खराब सेक्टरवाल्या डिस्कवर तो उद्योग नको. एक्स्टर्नलवरच्या फायली उघडून तपासून झाल्या की दोन्ही पार्टिशन उडवा, एकच करा आणि क्विक वाली खूण काढून पूर्ण फॉरमॅट लावा, त्यात सगळे सेक्टर तपासले जातात. ते झाल्यावर ०५ आणि सी५ परत बघा. ०५ वाढलं आणि सी५ शून्यावर आलं तर फालतू कामाला चालेल. सी५ वाढतच राहिलं तर भंगारात.