मदत हवी आहे: सांगलीहून मोशीला शिफ्ट होतोय, बँक कुठली धरू?

नमस्कार मंडळी,

जूनपासून आम्ही सगळे सांगली सोडून मोशीला राहायला येतोय. माझी नोकरी चाकणला, आत्तापर्यंत मी एकटाच रूम घेऊन राहत होतो, आता बायको, मुलगी, आई असं सगळं बिऱ्हाड हलवायचंय. फ्लॅट भाड्याने मिळाला, अकरा महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट रजिस्टर झालं, शाळेची अ‍ॅडमिशन पण झाली. गाडी अडलीय ती बँकेपाशी, आणि यावरून घरात रोज जेवताना सभा भरते, म्हणून म्हटलं इथल्या जाणकारांना विचारावं. जरा लांबलचक आहे, सांभाळून घ्या.

माझं सोपं आहे. कंपनीने एका प्रायव्हेट बँकेत सॅलरी अकाउंट काढून दिलंय, अ‍ॅप चांगलं चालतं, ब्रँचचं तोंड बघायची वेळ येत नाही. शिवाय कॉलेजपासूनचं एक खातं सांगलीत सरकारी बँकेत आहे, त्यातून एलआयसी, एक एसआयपी जाते, गॅसची सबसिडी त्यातच येते.

खरा प्रश्न आईचा. वडील पाटबंधारे खात्यात होते, ते गेल्यावर आईला फॅमिली पेन्शन सुरू झाली, ती सांगलीतल्याच एका सरकारी बँकेत जमा होते. वडिलांच्या रिटायरमेंटचे पैसे मात्र तिथल्या एका नागरी सहकारी बँकेत एफडीमध्ये आहेत, साधारण १४ लाख, सगळे आईच्या एकटीच्या नावावर. आणि ३ लाख एका पतसंस्थेत, कारण चेअरमन वडिलांचे ओळखीचे. आईचं म्हणणं, आहे ते तिथेच राहू दे. तिचं पण चूक नाही हो, त्या सहकारी बँकेत ती गेली की काउंटरवरचा मुलगा स्लिप स्वतः भरून देतो, रक्कम मोठ्याने वाचून दाखवतो आणि मग फक्त सहीपुरती स्लिप तिच्यापुढे सरकवतो. हात थरथरतो त्यामुळे सही दर वेळी वेगळी येते, पण तिथे तिला चेहऱ्याने ओळखतात. मोशीत एका बँकेत तिला सहज घेऊन गेलो होतो, तिथे पासबुक भरायला मशीन, पासबुकावर बारकोडचं स्टिकर नाही म्हणून मशीन पासबुक बाहेर फेकतंय, आणि स्टिकर कोण देतं विचारलं तर टोकन घ्या म्हणाले. आई बाहेर आल्यावर म्हणाली, ही बँक तुझी, माझी नाही.

बायकोचं तिसरंच. ती ब्लाउज शिवते, सांगलीत रोज १०० रुपयांची पिग्मी चालू होती, एजंट दारात यायचा. आता मोशीत आमच्या बिल्डिंगच्या खालच्या गाळ्यात एका मल्टिस्टेट क्रेडिट सोसायटीची ब्रँच आहे, सामान उतरवायच्या आधीच त्यांचा माणूस येऊन पत्रक देऊन गेला. एफडीला बँकेपेक्षा अडीच-तीन टक्के जास्त व्याज, पिग्मी पण आहे. बायको म्हणते खालीच आहे, कुठे लांब जायचंय, आईंचे पैसे पण इथेच टाकू.

तर विचारायचं असं, की आईसाठी कुठली बँक बघू, सरकारी की सहकारी? १४ लाख हलवायचे का? खालच्या सोसायटीचं काय करू? आणि आधारवर सगळ्यांचे पत्ते सांगलीचेच आहेत, त्यावर खातं उघडतात का? अमुक बँक बेस्ट असं एका ओळीत सांगू नका प्लीज, का ते पण सांगा.

प्रतिसाद

खालच्या गाळ्यातल्या सोसायटीला लांबूनच रामराम करा. बाकीचं नंतर.

प्रतिसाद

वरच्यांनी एका ओळीत उडवलंय, मी जरा सविस्तर लिहितो. उभी नोकरी बँकेत काढली, आता रिटायर्ड आहे.

पहिली गोष्ट, सहकारी बँक आणि पतसंस्था या दोन्ही सहकारातल्या असल्या तरी एका माळेचे मणी नाहीत. नागरी सहकारी बँकेला रिझर्व्ह बँकेचं लायसन्स असतं आणि तिच्या ठेवींना डीआयसीजीसीचा, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या ठेव विमा महामंडळाचा, विमा असतो, दर ठेवीदाराला दर बँकेत ५ लाखांपर्यंत, मुद्दल आणि व्याज मिळून. फेब्रुवारी २०२० च्या आधी हा आकडा १ लाखच होता. पतसंस्था राज्याच्या सहकार खात्याखाली, मल्टिस्टेट सोसायटी दिल्लीच्या केंद्रीय निबंधकाखाली. या दोघांवर रिझर्व्ह बँकेचा लगाम नाही आणि हा विमा तर अजिबात नाही. पत्रकावर 'रजिस्टर्ड', 'भारत सरकार कायद्यान्वये' असं ठळक छापलेलं असतं ते खोटं नसतं, पण रजिस्ट्रेशन म्हणजे ठेवीची हमी नव्हे. पिग्मी असो की एफडी, तिथे पैसे बुडाले तर तुम्ही संचालकांच्या मागे आणि संचालक कोर्टाच्या मागे.

दुसरं, १४ लाख एका बँकेत, एका नावावर. म्हणजे उद्या काही झालं तर ५ लाख विम्याचे, वरच्या ९ लाखांसाठी बसायचं वाट बघत. घाबरवत नाही, पण सांगलीच्या माणसाला मी काय सांगायचं, वसंतदादा बँकेचं लायसन्स गेलं तेव्हा लोकांचं काय झालं ते तुम्हीच जास्त जवळून बघितलं असेल. पुण्यात रुपी बँकेवर २०१३ ला निर्बंध आले आणि लायसन्स रद्द व्हायला २०२२ उजाडलं, नऊ वर्षं लोक ताटकळले. पीएमसी बँकेवर सप्टेंबर २०१९ मध्ये निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला हजार रुपयेच काढायची परवानगी होती. आता कायदा बदललाय, २०२१ च्या दुरुस्तीपासून निर्बंध आल्यावर विम्याची रक्कम ९० दिवसांत मिळायची तरतूद आहे. पण ती ५ लाखांपुरतीच.

म्हणून माझं मत, सरकारी की सहकारी यात डोकं घालण्याआधी पेन्शन कुठे येणार आणि साठवलेले पैसे कुठे पडून राहणार हे दोन प्रश्न वेगळे काढा. पेन्शनसाठी घरापासून चालत जाता येईल अशी सरकारी बँक. आईंना रिक्षा करून जावं लागलं तर त्या जाणारच नाहीत आणि मग कार्ड, पिन, ओटीपी सगळं तुमच्या हातात येतं, ते त्यांना आवडणार नाही आणि बरंही नाही. ब्रँच बघायला महिन्याच्या पहिल्या आठवड्यात सकाळी साडेदहाला जा, पेन्शनवाल्यांची रांग कशी हाताळतात ते लगेच दिसतं. खुर्च्या आहेत का, सहीऐवजी अंगठा घ्यायची पद्धत सरळ समजावून सांगतात का, ते बघा.

प्रतिसाद

काकांशी ९० टक्के सहमत, फक्त सहकारी बँकांना सरसकट झोडपू नका. आमच्या घरी दोन पिढ्या सहकारी बँकेत खातं आहे, धंद्याला कॅश क्रेडिट याच बँकेने दिलं, सरकारी बँक उंबऱ्यावर उभं करत नव्हती. कॉसमॉस १९०६ ची, सारस्वत १९१८ ची, मोठ्या सहकारी बँका व्यवस्थित चालतायत, आणि २०२५ मध्ये न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले तेव्हा काही महिन्यांत ती सारस्वतमध्येच विलीन झाली. सांगलीच्या बँकेचा वार्षिक अहवाल मागून घ्या, सभासद असाल तर घरी येतच असेल, त्यात नेट एनपीए, म्हणजे थकलेल्या कर्जांचं प्रमाण, बघा आणि मागच्या दोन-तीन वर्षांत तो चढतोय की उतरतोय ते बघा. रिझर्व्ह बँकेने दंड केलाय का हे पण नेटवर सापडतं. सगळं ठीक असेल तर ५ लाखांच्या आत ठेवायला काय हरकत आहे? काउंटरवरच्या त्या मुलासाठी तरी ठेवा राव.

धागाकर्ता

धन्यवाद सगळ्यांना. काका, एक विचारतो. आई म्हणते माझं नाव जोडून ठेव म्हणजे पाचाचे दहा होतील. असं होतं का? आणि आत्ता एफडी मोडल्या तर व्याज कापतील ना?

प्रतिसाद

हो, आईंना बरोबर माहितीये, पण थोडं नीट समजून घ्या. एकटीच्या नावावरच्या सगळ्या ठेवी एकत्र मोजतात, मग त्या त्याच बँकेच्या चार ब्रँचमध्ये असल्या तरी. जॉइंट ठेव वेगळी मोजतात, आणि नावांचा क्रम बदलला, म्हणजे एकात आई पहिल्या आणि तुम्ही दुसरे, दुसऱ्यात उलट, तर ती पण वेगळी धरतात. कागदावर १४ लाख तसे बसवता येतील. पण उलट्या क्रमात तुम्ही पहिले असलात की व्याज आणि टीडीएस तुमच्या नावावर लागतो, ज्येष्ठ नागरिकांचा अर्धा टक्का जादा जातो, आणि भाऊ-बहीण असतील तर उद्या वाद. त्यापेक्षा दोन-तीन बँकांत विभागा.

मोडायची घाई करू नका. मुदतीआधी मोडलं की जितके दिवस ठेव राहिली त्या मुदतीचा दर लावतात आणि वर बहुतेक बँका अर्धा-एक टक्का कापतात. कुठली एफडी कधी संपते ते काढा, ऑटो रिन्यूअल बंद करायला लेखी अर्ज द्या, ते जास्त महत्त्वाचं कारण नाहीतर आपोआप पुन्हा अडकते. जसजशी सुटेल तसतशी हलवा. आईंचं वय ६० च्या वर असणारच, तर पोस्टात किंवा सरकारी बँकेत सीनियर सिटिझन सेव्हिंग स्कीम (एससीएसएस) बघा, ३० लाखांपर्यंत भरता येतात, दर तीन महिन्यांनी व्याज खात्यात, मुदत पाच वर्षं, दर गेले बरेच दिवस ८.२ टक्के आहे आणि उघडताना जो लागला तोच शेवटपर्यंत. पत्रकवाल्या सोसायटीशी तुलना करून बघा, फरक किती उरतो ते बायकोला दाखवा.

पतसंस्थेतले ३ लाख मात्र मुदत संपेल त्या दिवशी काढा. चेअरमन ओळखीचे आहेत ना, मग तर आत्ताच काढा, ओळखीत पुढे मागणं जड जातं.

प्रतिसाद

पत्त्याचं मी सांगते, आम्ही मागच्या वर्षी लातूरहून आलो. आधारवर जुना पत्ता असला तरी आधारने केवायसी करून खातं उघडता येतं, सध्याचा पत्ता वेगळा असेल तर स्वतःचं डिक्लरेशन चालतं असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, पण काउंटरवर सगळ्यांना तो माहीत असतोच असं नाही. एका ठिकाणी आम्हाला सरळ परत पाठवलं. रजिस्टर्ड अ‍ॅग्रीमेंटची झेरॉक्स आणि लाइट बिल सोबत ठेवा, वाद वाचतो. आणि दादा, नवीन खातंच कशाला? तुमचं आणि आईंचं सरकारी बँकेतलं खातं मोशीच्या ब्रँचला ट्रान्सफर करा, बहुतेक बँकांत अकाउंट नंबर तोच राहतो, फक्त आयएफएससी बदलतो, तो एलआयसी वगैरे जिथे दिलाय तिथे कळवा. मोबाइल नंबरसारखी बँक बदलून नंबर तोच ठेवायची सोय नाहीये, त्यामुळे बँकच बदलली तर सगळे ऑटो डेबिट नव्याने लावत बसायचं. मी बसले होते, दोन हप्ते बाउन्स होऊन दंड पडला तेव्हा शहाणपण आलं.

प्रतिसाद

पेन्शनबद्दल जोडतो. सांगलीच्या कोषागारात आधी जाऊन विचारा, ब्रँच बदलायचा अर्ज कसा लागतो ते तिथेच कळेल, आणि नवीन ब्रँचला पहिली पेन्शन जमा झालेली पासबुकात दिसेपर्यंत जुनं काही बंद करू नका. नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला द्यायचा असतो, तोपर्यंत सगळं मार्गी लावा नाहीतर आईंना त्या एका सहीसाठी सांगलीला न्यावं लागू शकतं. सोनं-नाणं ठेवायला लॉकर हवा असेल तर खातं उघडायच्या आधीच विचारा. शिल्लक नाही म्हणाले तर वेटिंग लिस्टचा नंबर मागा, तो द्यायचा नियम आहे. तीन वर्षांचं भाडं आणि वेळ आली तर लॉकर फोडायचा खर्च भागेल इतकी एफडी मागू शकतात, पण लॉकर पाहिजे तर आमची विमा पॉलिसी घ्या असं कोणी म्हणालं तर सरळ उठून या.

तुमच्या सॅलरी अकाउंटचं पण लक्षात ठेवा, नोकरी बदलली आणि काही महिने पगार आला नाही की ते साधं सेव्हिंग होतं आणि मिनिमम बॅलन्स लागू होतो. प्रायव्हेट बँकांत तो पुण्याला चांगलाच असतो. सरकारी बँकांपैकी स्टेट बँकेने २०२० लाच ही अट काढली, कॅनरा, पीएनबी, बँक ऑफ बडोदा यांनी २०२५ मध्ये.

धागाकर्ता

खूपच मदत झाली. काल आईला हे सगळं वाचून दाखवलं. तिला एससीएसएसचं तिमाही व्याज पटलं, पोस्ट म्हटल्यावर तर ती लगेच तयार. ठरलंय ते असं, तिचं पेन्शनचं खातं मोशीला ट्रान्सफर, दोन एफडी ऑगस्टमध्ये सुटतायत त्या पोस्टात, आणि सांगलीच्या सहकारी बँकेत साडेचार लाखांच्या आसपास तसेच ठेवायचे, तिच्या एकटीच्या नावावर. पतसंस्थेच्या चेअरमनना मी स्वतः फोन करणार आहे, आईला तो करायला जमणार नाही.

बायको अजून पिग्मीवर अडलीय. तिचा मुद्दा असा की एकरकमी बाजूला ठेवायला तिच्या हातात पैसे कधी नसतातच, रोजचे १०० रुपये कोणीतरी दारात येऊन नेले तरच साठतात, आरडी तिला जमत नाही. मोशी-भोसरी भागात लायसन्सवाल्या सहकारी बँकेची पिग्मी चालू असेल आणि एजंट पावती हातात देत असेल, तर कोणी सांगू शकेल का?