‘प्रोड्रग’ला मराठीत काय म्हणावं? (क्षयरोगावरची औषधं)

प्रश्न : क्षयरुग्णांसाठी एक माहितीपत्रक मराठीत लिहिते आहे. आयसोनियाझिड हे ‘प्रोड्रग’ आहे, असं त्यात सांगायचंय. ‘पूर्वौषध’ की ‘निष्क्रिय औषध’? आणि ‘जंतू औषधाला प्रतिकार करतो’ हे बरोबर आहे ना?

उत्तर : ‘पूर्वौषध’ चालेल, ‘प्रागौषध’ही. ‘निष्क्रिय’ मात्र कृपा करून लिहू नका. गोळीत दम नाही असं वाटून एखादा रुग्ण ती बंद करेल. खरं तर कंसात का होईना ‘प्रोड्रग’ राहू द्याच, कारण डॉक्टर तोच शब्द बोलतील.

व्याख्या साधी आहे : घेतो त्या रूपात काम करत नाही, रासायनिक बदल झाल्यावर करतं, ते प्रोड्रग. हा शब्द एड्रिअन अल्बर्ट यांनी १९५८ साली वापरात आणला. रक्तदाबावरच्या एनालाप्रिलमध्ये हा बदल मुख्यतः आपल्या यकृतात होतो. आयसोनियाझिडचं वेगळेपण असं, की त्याचं औषध क्षयाचा जंतू स्वतःच तयार करतो. तुमच्या पत्रकात हे वाक्य यायलाच हवं.

जंतूकडे कॅटजी नावाचं विकर (एन्झाइम) असतं. आपल्या पांढऱ्या पेशी जंतूवर पेरॉक्साइडचा मारा करतात, त्या पेरॉक्साइडचा निचरा करायला हे विकर जंतूला लागतं. तेच विकर आयसोनियाझिडचा रेणू फोडतं. त्यातून निघालेला अस्थिर तुकडा जंतूतल्याच एनएडी या रेणूला चिकटतो आणि ही जोडी इनएचए नावाच्या दुसऱ्या विकरात जाऊन अडकते. इनएचए बंद पडलं की जंतूच्या भिंतीतली मेणचट मायकोलिक आम्लं बनत नाहीत, आणि वाढणारा जंतू मरतो. आयसोनियाझिड हे संयुग १९१२ सालीच प्रागमध्ये तयार झालं होतं. क्षयावरचा त्याचा गुण १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला कळला, आणि कॅटजीचं काम तर १९९२ साली.

आता ‘प्रतिकार’. माझं मत ठाम आहे : इथे हा शब्द दिशाभूल करतो. आयसोनियाझिड न लागू पडणाऱ्या जंतूंत बहुतेकदा कॅटजीमधल्या ३१५व्या जागेवरचं सेरीन हे अमिनो आम्ल जाऊन तिथे थ्रिओनीन हे दुसरं अमिनो आम्ल आलेलं असतं. विकराचं नेहमीचं काम बऱ्यापैकी चालू राहतं, पण आयसोनियाझिड फुटत नाही. जंतू औषधाशी लढत नाही, तो ते तयारच करत नाही. ‘औषधाला दाद देत नाही’ हा आपला जुना वाक्प्रचार इथे चपखल बसतो, तोच वापरा.

दुसरं उत्तर : सहमत. पायराझिनामाइड या क्षयावरच्या दुसऱ्या औषधाचंही तसंच. पीएनसीए जनुकातून बनणारं विकर त्याचं पायराझिनॉइक आम्ल करतं. गुरांच्या क्षयाच्या जंतूत हे विकर मुळातच निकामी असतं, म्हणून त्याच्यावर पायराझिनामाइड चालत नाही. तिथे ‘प्रतिकार निर्माण झाला’ लिहिणं चूकच, तो उपजत आहे.

प्रश्न : प्रयोगशाळेच्या अहवालात कधी ‘कॅटजी’ तर कधी ‘इनएचए’ लिहिलेलं असतं. रुग्णाला हा फरक सांगावा का?

उत्तर : थोडक्यात सांगा. कॅटजीत बिघाड असेल तर आयसोनियाझिडचं औषधात रूपांतर होत नाही. इनएचएच्या जनुकाच्या नियंत्रक भागात बदल असेल तर ते विकर जास्त प्रमाणात बनतं आणि नेहमीचा डोस अपुरा पडतो. इथियोनामाइड हे क्षयावरचं आणखी एक औषधही प्रोड्रग आहे. ते इथए नावाच्या वेगळ्या विकराने सक्रिय होतं, पण शेवटी इनएचएवरच काम करतं. त्यामुळे फक्त कॅटजी बिघडलं असेल तर इथियोनामाइड लागू पडू शकतं, इनएचएचा बदल असेल तर बहुधा नाही. कुठलं औषध द्यायचं हे डॉक्टर ठरवतील, पण अहवालातल्या दोन नावांनी उपचार का बदलतो हे रुग्णाला कळायला हवं.

तिसरं उत्तर : ‘ॲक्टिव्हेट’साठी ‘चेतवणे’ कसं वाटतं?

उत्तर : नको. चेतवल्यावर वस्तू तीच राहते, इथे रेणूच बदलतो. ‘जंतूच्या आत त्याचं सक्रिय रूप तयार होतं’ एवढं लिहिलं की पुरे. प्रेटोमॅनिड या क्षयावरच्या औषधाबद्दलही हेच वाक्य जसंच्या तसं चालेल.